गुडघा बदलायचा आहे? रुग्ण आणि घरचे नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्यांकडे जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे इथे ऑपरेशन थिएटरमधल्या गोष्टी थोडक्यात आहेत आणि घरातल्या जास्त. ऑपरेशन दीड-दोन तासांत होतं. गुडघा पूर्ण सरळ होणार का, किती वाकणार, हे मात्र बरंचसं पुढच्या सहा आठवड्यांत घरी ठरतं, आणि नेमकं त्या काळाबद्दलच रुग्णांना सर्वांत कमी सांगितलेलं असतं. तुमच्या तब्येतीचा निर्णय तुमच्या सर्जननेच घ्यायचा. त्यांना काय काय विचारायचं ते इथून घेऊन जा.

गुडघा बदलतात म्हणजे आत नेमकं काय करतात?

अख्खा गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक यांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासायला लागतं. ऑपरेशनमध्ये दोन्ही टोकांचा खराब झालेला भाग, साधारण ८ ते १० मिलिमीटर जाडीचा, कापून काढतात आणि तिथे धातूचं आवरण बसवतात. मांडीच्या बाजूला बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचं आवरण, नडगीच्या बाजूला बहुधा टायटॅनियमची बैठक, आणि दोन्हींच्या मध्ये पॉलिइथिलीन या प्लास्टिकची टणक, गुळगुळीत चकती. धातू हाडाला पक्का बसावा म्हणून बहुतेक वेळा बोन सिमेंट वापरतात. समोरची वाटी अनेकांची स्वतःचीच राहते. गरज वाटली तर तिच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा छोटा तुकडा लावतात.

बाजूचे लिगामेंट (हाडांना हाडं बांधून ठेवणारे पट्टे), स्नायू, कातडी हे सगळं तुमचंच असतं. वर्षानुवर्षं लंगडून कमजोर झालेला मांडीचा स्नायूसुद्धा तोच जुना. सांधा नवा बसला तरी त्याला चालवणारा स्नायू बदलत नाही, म्हणून व्यायामाला इतकं महत्त्व.

एक्स-रेमध्ये चौथी ग्रेड आली आहे. आता ऑपरेशन करावंच लागेल ना?

तेवढ्यावरून नाही. शून्य ते चार अशा या ग्रेड १९५७ साली केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी मांडल्या. त्या फिल्मवर काय दिसतं ते सांगतात. तुम्हाला किती त्रास होतो हे त्यांतून कळत नाही. चौथ्या ग्रेडचा गुडघा घेऊन रोज मंडईत जाऊन येणारे काका मी पाहते, आणि तिसऱ्या ग्रेडला रात्रभर तळमळणाऱ्या मावशीही.

स्वतःला तीन गोष्टी विचारा. रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखतं का? घरातल्या घरात चालणं, संडासला जाणं, दोन पायऱ्या चढणं यासाठीसुद्धा मन घट्ट करावं लागतं का? आणि वजन, व्यायाम, औषधं हे सगळं तीन-चार महिने मनापासून करून पाहिलं आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर ऑपरेशनबद्दल बोलायची वेळ झाली. झिजलेल्या गुडघ्याचं ऑपरेशन घाईचं जवळपास कधीच नसतं. 'पुढच्या आठवड्यात करून टाका, पॅकेज स्वस्त आहे' असं कुणी म्हणालं तर बिनधास्त दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

ऑपरेशन न करता काय काय करता येतं?

पहिलं, मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा. साधा आहे म्हणून लोक सोडून देतात, पण मनापासून केला तर बहुतेकांचं दुखणं कमी करणाऱ्या मोजक्या उपायांतला तो एक आहे. दुसरं, वजन. शरीराचं एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. पाच किलो उतरवता आले तर काय होईल याचा हिशेब करा. तिसरं, काठी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. बहुतेक जण उलटी धरतात. 'काठी घेतली की म्हातारं दिसतं' म्हणून न घेणारेही खूप, आणि मग तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं तेव्हा घरादाराची धावपळ होते.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारून आणि मोजक्या घ्या. मेडिकलमधून स्वतःच आणून रोज घेतलेल्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात. आठवडी बाजारात, गावोगावी मिळणाऱ्या 'सांधेदुखीच्या पुड्या' तर घेऊच नका. असल्या निनावी औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. कधी घेतल्या असतील तर सर्जनला आणि भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. ऑपरेशनच्या वेळी ही माहिती फार महत्त्वाची असते.

वंगण संपलंय म्हणतात. वंगणाचं इंजेक्शन घेतलं तर?

हायल्युरोनिक ॲसिडची ही जेल इंजेक्शनं महाग असतात. काहींना काही महिने बरं वाटतं, पण झिजलेली कूर्चा त्यांनी परत येत नाही, आणि सरसकट सगळ्यांना ती द्यावीत असं अनेक मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. रक्तापासून बनवलेल्या पीआरपीचं थोडंफार तसंच: सुरुवातीच्या झिजेत कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने सूज आणि दुखणं पटकन उतरतं, पण परिणाम काही आठवड्यांचा. घरात लग्नकार्य आहे, तेवढा महिना निभवायचा आहे, अशा वेळी त्याचा उपयोग होतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. स्टेरॉइडच्या इंजेक्शननंतर तीन महिन्यांच्या आत गुडघा बदलला तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

झिजलेला गुडघा दुर्बिणीने 'धुऊन घेण्याचा' उपयोग होत नाही, हे बऱ्याच वर्षांपूर्वीच अभ्यासातून दिसलं आहे.

योग्य वय कोणतं? आणि फार उशीर केला तर?

ठरावीक वय नाही. साठ ते पंचाहत्तर या वयात सर्वाधिक ऑपरेशन्स होतात. पन्नाशीच्या आत शक्यतो थांबावं, कारण इम्प्लांटलाही, म्हणजे आत बसवलेल्या धातू-प्लास्टिकच्या सांध्यालाही, आयुष्य असतं आणि दुसऱ्यांदा बदलणं अवघड जातं. तरुण वयात एकाच बाजूची झीज असेल तर नडगीचं हाड कापून पाय सरळ करण्याचं ऑपरेशन किंवा गुडघ्याचा अर्धाच भाग बदलणं हे पर्याय असतात. सर्जनने स्वतःहून काढले नाहीत तर तुम्ही विचारा.

उशिराचाही तोटा आहे. पाय बाहेरच्या बाजूला पार वाकले, गुडघा सरळच होईनासा झाला, मांडी वाळून गेली, मग ऑपरेशन होतं पण सावरायला दुप्पट कष्ट पडतात. गुडघा पूर्ण सरळ होणं बंद व्हायला लागलं असेल तर ती सर्जनला दाखवायची वेळ समजा.

शुगर आहे, बीपी आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे. जमेल का?

बहुतेक वेळा जमतं, पण तयारी करून. तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी एचबीए१सी चाचणी साडेसात-आठच्या वर असेल तर बहुतेक सर्जन आधी ती खाली आणायला सांगतात. शुगर जास्त असली की जखम भरत नाही आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या आणि कधी सुरू, हे हृदयाच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. स्टेंट असलेल्यांनी स्वतःच्या मनाने एकही गोळी थांबवायची नाही.

जंतू शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तावाटे नव्या सांध्यात जाऊन बसू शकतात. म्हणून किडलेला दात आधी काढून किंवा भरून घ्या. लघवीला जळजळ असेल तर सांगा. टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्यांतलं चिखल्यांचं दुखणं, पायावरची खाजवून झालेली जखम हे सगळं बरं झाल्यावरच तारीख घ्या.

आणखी एक गोष्ट इथे मोकळेपणाने लिहिते. 'तंबाखू खाता का?' असं विचारलं की आजी 'नाही' म्हणतात, आणि ते खरंही असतं. पण सकाळ-संध्याकाळ मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाके भरायला वेळ लागतो. विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी काहीही असो, ऑपरेशनआधी निदान चार ते सहा आठवडे बंद हवं. घरच्यांनी हे ओरडून न सांगता आजीच्या कलाने घ्यावं.

घरात काय तयारी करून ठेवायची?

ऑपरेशनच्या आधी करा, नंतर धावपळ होते. भारतीय संडास असेल तर कमोड बसवून घ्या किंवा भाड्याने कमोडची खुर्ची आणा. संडास-बाथरूमच्या भिंतीत हाताने धरायला दांडा लावा; नुसत्या टॉवेलच्या सळीवर भार टाकू नका, ती निखळते. हातांची आणि भक्कम, गुडघ्याच्या उंचीपेक्षा थोडी वर अशी खुर्ची हवी. पलंग खाली असेल तर पायांखाली ठोकळे लावा. जमिनीवरची गादी, पाट, सोफ्यात खोल रुतणारी बैठक हे काही महिने बाजूला. पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचलून ठेवा, मोबाईल चार्जरच्या वायरी गुंडाळा. रात्री संडासच्या वाटेवर छोटा दिवा असू द्या. वरच्या मजल्यावर लिफ्ट नसेल तर जिना चढता येतो, घाबरू नका. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

शक्य असेल तर ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधीपासून वॉकरने चालायची आणि मांडीच्या व्यायामाची सवय करा. आधी शिकलेलं नंतर दुखत असतानाही आठवतं.

कुठलं इम्प्लांट घ्यावं? रोबोटने करावं का? 'गोल्ड' गुडघा चांगला का?

नावाजलेल्या कंपन्यांची नेहमीची इम्प्लांट्स वर्षानुवर्षं वापरून पारखलेली आहेत. सोनेरी लेप असलेल्या इम्प्लांटचा विचार मुख्यतः निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी करावा. नकली दागिने किंवा घड्याळाच्या पट्ट्याने अंगाला खाज आणि पुरळ येत असेल तर सर्जनला सांगा. रोबोटमुळे हाडाचे काप आखल्याप्रमाणे जास्त अचूक येतात हे खरं. पण रोबोट स्वतःहून ऑपरेशन करत नाही, चालवणारा सर्जनच असतो, आणि काही वर्षांनी रुग्णाला होणाऱ्या फायद्यात मोठा फरक अजून सिद्ध झालेला नाही. माझं मत विचाराल तर रोबोटच्या जादा पैशांपेक्षा, महिन्याला भरपूर गुडघे करणारा अनुभवी सर्जन आणि घरी येणारा फिजिओ यांवर खर्च करा.

दोन्ही गुडघे एकाच वेळी करावेत का?

हृदय, फुप्फुसं चांगली असतील, वय फार नसेल, दोन्ही पाय सारखेच खराब असतील, तर करता येतात. एकदाच भूल, एकदाच रजा, एकदाच घरच्यांची ओढाताण. पण शरीरावर ताण जास्त येतो, रक्त द्यावं लागण्याची शक्यता वाढते आणि पहिले आठवडे टेकायला 'चांगला पाय' नसतो. शंका असेल तर एक करून दोन-तीन महिन्यांनी दुसरा, हे जास्त सुरक्षित.

खूप दुखतं का? किती दिवस हॉस्पिटल?

भूल बहुतेकदा कमरेतून देतात. आता मांडीतल्या नसेभोवती बधिर करणारं औषध सोडतात, त्यामुळे पहिला दिवस बऱ्यापैकी निभतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभं करतात. तीन ते पाच दिवसांत घरी. पिना किंवा टाके बारा ते चौदा दिवसांनी काढतात.

दुखणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जाणवतं आणि रात्री जास्त. हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. अनेकांना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अचानक खूप उदास वाटतं, 'उगाच केलं' असं वाटून रडू येतं. झोप अपुरी झालेली असते, भूक गेलेली असते. हा काळ सरतो. घरच्यांनी 'शेजारच्या काकू तर पंधरा दिवसांत चालायला लागल्या' हे वाक्य तेवढं टाळावं.

घरी आल्यावर पहिले सहा आठवडे काय करायचं?

सर्वांत आधी एक मनाई: गुडघ्याखाली उशी ठेवायची नाही. कोणत्याही घरी गेले की मला हेच दिसतं. लेकीने किंवा सुनेने प्रेमाने गुडघ्याखाली मऊ उशी सरकवलेली असते, कारण तशाने बरं वाटतं. बरं वाटतं ते गुडघा वाकलेला राहतो म्हणून. रोज रात्रभर तसा राहिला की तो तसाच आखडतो, मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस आयुष्यभर लचकत चालतो. उशी हवीच असेल तर टाचेखाली. टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी राहील आणि आपल्या वजनाने सरळ होईल. दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पोटरी ताणली जाते, मागून ओढ बसते. ती बसायलाच हवी.

लोक सगळं लक्ष वाकवण्याकडे देतात. मी आधी सरळ करण्यावर अडून बसते. वाकणं नंतरच्या महिन्यांतही वाढत राहतं; सरळ होणं पहिल्या आठवड्यांत मिळवलं नाही तर नंतर फार झगडावं लागतं.

बाकीचं असं. जागेपणी दर तासाला पाऊल वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा, त्याने पोटरीत रक्त साकळत नाही. झोपून गुडघा गादीवर दाबा, मांडी टणक करा, पाच मोजा, सोडा. टाच गादीवरून घसरवत आपल्याकडे ओढा. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी ठेवली तर छान घसरते. नंतर खुर्चीत बसून पाय जितका मागे जाईल तितका न्या आणि दुसऱ्या पायाने हलका दाब द्या. एकदम तासभर करण्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या. व्यायामानंतर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा मिनिटं. गरम शेक आणि मालिश नको, निदान या काळात.

साधारण अंदाज सांगते: पाय पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश धरला, तर दोन आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांच्या आसपास वाकतो, सहा आठवड्यांत शंभर ते एकशे दहा, तीन महिन्यांत एकशे वीसच्या जवळ. ऑपरेशनआधीच ज्यांचा गुडघा ऐंशी-नव्वदच वाकत होता त्यांनी एवढी अपेक्षा धरू नये. वॉकर दोन-तीन आठवडे, मग काठी. काठी सोडायची घाई नको. लंगडत काठीशिवाय चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं कधीही चांगलं.

आणि जेवण. पातळ भात, पेज यांवर ठेवू नका. वरण, उसळ, दूध, अंडं, चालत असेल तर मासे-चिकन हे रोज हवं. जखम भरायला आणि स्नायू वाढायला प्रथिनं लागतात.

फिजिओ जोरात वाकवतात, रडू येतं. हे बरोबर आहे का?

ताण जाणवायला हवा, दुखायलाही थोडं हवं. पण व्यायामानंतर दुखणं तासा-दोन तासांत उतरायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी गुडघा फुगून लाल झाला, रात्र जागून काढावी लागली, तर जास्त झालं. स्पष्ट सांगा. दरडावून, अंगावर बसून वाकवण्याने गुडघा सुजतो आणि सुजलेला गुडघा वाकत नाही. दीड-दोन महिने झाले तरी नव्वदच्या पुढे जात नसेल तर सर्जनकडे परत जा. भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा उपाय असतो, आणि तो साधारण तीन महिन्यांच्या आत जास्त चांगला लागू पडतो.

कोणत्या लक्षणांना लगेच फोन करायचा?

पोटरी एका बाजूची सुजून टणक झाली, दाबल्यावर दुखते: त्याच दिवशी दाखवा. अचानक धाप, छातीत दुखणं: थेट इमर्जन्सी विभागात, वाट पाहायची नाही, कारण पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. जखमेतून पू किंवा सतत ओल, लालसरपणा पसरत जाणं, थंडी वाजून ताप: सर्जनला फोन. इथे मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने जंतू झाकले जातात आणि नेमका कोणता जंतू आहे ते तपासणीत कळत नाही. नव्या सांध्यातला संसर्ग शंभरात एक-दोघांनाच होतो, पण झाला तर पुन्हा ऑपरेशनपर्यंत जातो.

गुडघा गरम लागणं, थोडी सूज, चालताना 'टक' असा आवाज, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर वाटणं हे मात्र कित्येक महिने राहतं. बधिरपणाचा थोडा भाग कायमचाही राहतो. त्याची काळजी नको.

मांडी घालून बसता येईल का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. पाटावरचं जेवण, पूजा, भजन, हळदीकुंकू, सगळं आपल्याकडे खाली बसून. सरळ उत्तर: काहींना जमतं, पण रोजची सवय ठेवू नये. मांडी घालायला आणि उकिडवं बसायला गुडघा एकशे तीस अंशांच्या पुढे वाकावा लागतो आणि त्याच वेळी तो पिळला जातो. त्या स्थितीत प्लास्टिकच्या चकतीवर जास्त दाब येतो. 'हाय फ्लेक्स' (जास्त वाकणारं) नावाचं इम्प्लांट घेतलं की मांडी घालता येईलच असं नाही. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावर ते जास्त अवलंबून असतं.

देवघर उंचीवर घ्या, पूजा खुर्चीत बसून करा. नमाजसाठी खुर्ची वापरणारे माझे कित्येक रुग्ण आहेत. गुडघे टेकणं चालतं, इम्प्लांट मोडत नाही, पण टाक्यांच्या जागी टोचतं. घोंगडीची घडी खाली घ्या. शेतातली निंदणी-खुरपणी उकिडवं बसून नको, लांब दांड्याचं अवजार वापरा. धार काढायला उंच स्टूल. या गोष्टी ऑपरेशनच्या आधीच मनाशी नीट ठरवा. जमिनीवर बसता येणं हेच ज्याला सर्वांत महत्त्वाचं आहे, त्याची निराशा होण्याची शक्यता जास्त.

गाडी, जिना, वारी, अमेरिका: काय कधी?

घरातली हलकी कामं, उभ्याने स्वयंपाक: चार-सहा आठवडे. कार चालवणं साधारण सहा आठवड्यांनंतर, जोरात ब्रेक दाबता आला तर. स्कूटर तीन महिन्यांनी, कारण सिग्नलला पाय टेकून तोल सांभाळायचा असतो. पती-पत्नीचे संबंध साधारण सहा आठवड्यांनी, गुडघ्यावर भार येणार नाही असे. लोक विचारायला लाजतात म्हणून इथे लिहिलं. पोहणं, सायकल, चालणं जरूर. धावणं, उड्या, दोरीच्या उड्या नकोत.

वारीबद्दल दरवर्षी ज्येष्ठ उजाडला की फोन येतात. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट आहे. ऑपरेशननंतर वर्ष झालं आहे, गुडघ्याला सूज नाही, रोज पाच-सहा किलोमीटर सहज चालता, तर सर्जनला विचारून एखादा टप्पा चाला. दिवे घाटाचा टप्पा पहिलाच निवडू नका. मुक्कामी झोपायला खाट आणि संडासची सोय कुठे आहे ते आधी पाहून ठेवा, चालण्यापेक्षा तिथेच जास्त अडचण होते.

मुलाकडे परदेशात जायचं असेल तर लांबचा विमानप्रवास तीन महिने पुढे ढकललेला बरा. जायचंच असेल तर रक्ताच्या गुठळीबद्दल डॉक्टरांशी बोला, कडेची सीट घ्या, तासाला एकदा उठून चाला. विमानतळावर मेटल डिटेक्टर वाजू शकतो. सांगितलं की हाताने तपासणी करून सोडतात.

नवा गुडघा किती वर्षं टिकतो? आणि करूनही दुखलं तर?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते. ही आकडेवारी परदेशातल्या रुग्णांची आहे. साठीत केलेला गुडघा बहुतेकांना पुन्हा बदलावा लागत नाही, एवढं समजून घ्या.

दुसरी बाजूही माहीत हवी. साधारण पाचातला एक जण ऑपरेशननंतर पूर्ण समाधानी नसतो. कुणाचं थोडं दुखणं राहतं, कुणाला गुडघा जड वाटतो. कधी दुखणं मुळात कमरेतून किंवा खुब्यातून आलेलं असतं आणि ते तपासायचं राहून जातं. म्हणून दुखणं मांडीतून खाली उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, तर आधी कमर तपासून घ्या.

एमआरआय, दात, लस यांचं काय?

एमआरआय होतो, इम्प्लांट आहे एवढं सांगायचं. दाताचं तातडीचं नसलेलं काम पहिले तीन महिने टाळा. नंतर करताना दंतवैद्यांना सांगा. लस दंडावर घ्यायला हरकत नाही. ऑपरेशन केलेल्या गुडघ्यात मात्र सर्जनशिवाय कुणालाही सुई घालू देऊ नका, 'नुसतं पाणी काढतो' म्हणाले तरी.

खर्च किती? योजनेत होतं का?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती ठरवल्या. त्या वेळी कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण इम्प्लांटला ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा, अशी मर्यादा घातली. त्याआधी हेच इम्प्लांट दीड लाखाच्या वर विकलं जात होतं. आत्ताचा दर रुग्णालयाकडून लेखी घ्या. बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे लिहिलेले असायला हवेत. एकूण खर्च खोली, शहर आणि रोबोट यांनुसार लाख-दोन लाखांनी वरखाली होतो. पॅकेज सांगतात तेव्हा विचारा: वॉकर, रक्त, हृदयाच्या डॉक्टरांची व्हिजिट, जादा दिवस, घरचा फिजिओ यांतलं काय धरलं आहे? घरचा फिजिओ जवळपास कधीच धरलेला नसतो.

रेशनकार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारतमध्ये असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटा. तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात योजनेतून होतं का हे तेच सांगू शकतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही ऑपरेशन्स होतात, प्रतीक्षा यादी असते. मेडिक्लेम असेल तर सांधा बदलण्यासाठी बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो, तो आधी वाचा.

नंतर तपासणी किती वेळा?

दोन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने, एक वर्ष, आणि मग सर्जन सांगतील तसं दर एक-दोन वर्षांनी एक्स-रे. काही दुखत नसलं तरी जा, कारण धातू हाडापासून सैल व्हायला लागला तर तो दुखण्याआधी फिल्मवर दिसू शकतो. ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटच्या डब्यांवरचे छोटे स्टिकर तुमच्या फाईलमध्ये चिकटवतात. त्यावर कंपनी, माप आणि नंबर असतो. वीस वर्षांनी चकती बदलायची वेळ आली तर नेमकं तेच लागतं. त्या पानाचा फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि मूळ फाईल एक्स-रेच्या फिल्मसकट कपाटात जपून ठेवा.